बाईंचं उलटं सोवळं

आमच्या जालन्यात पाण्याला कुणी नावं ठेवत नाही. टँकर आला की माणसं हातातलं काम टाकून पळतात, आणि ज्यांच्या नळाला पाणी येतं त्यांच्याशी शेजारीपाजारी जरा जास्तच गोड बोलतात. अशा गावात पाण्याचा राग राग करणारी मला आयुष्यात एकच व्यक्ती भेटली, ती म्हणजे बाई.

बाई आमच्या कारखान्यात कोटिंग विभागाच्या प्रमुख होत्या. त्याआधी त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि 'बाई' हे नाव तेवढं सोबत घेऊन एमआयडीसीत आल्या. मी जुन्या जालन्यातली, कपड्याच्या दुकानदाराची मुलगी, बीएस्सी करून तिथे तपासणीच्या कामाला लागले होते. कारखाना म्हणजे काय, एक बुटकी पत्र्याची इमारत. एका अंगाला बियाण्यांचं गोदाम, दुसऱ्या अंगाला लोखंड वितळवून सळया करणारी भट्टी. त्या भट्ट्यांकडे लांबून बघून त्यांची उष्णता टिपणारे कॅमेरे असतात, त्यांच्या भिंगांवर आम्ही थर चढवायचो.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या हातात एक भिंग दिलं. काळंभोर, चकचकीत, जड. म्हणाल्या, "बघ बरं, पलीकडचं दिसतंय का?" मी डोळ्याला लावलं, उलटं केलं, उजेडाकडे धरलं. काही म्हणजे काही दिसेना. मला वाटलं चेष्टा चालली आहे. मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, "बाई, हे भिंग न्हाई, तवा हाये." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला तिथल्या तिथे चहा पाजला. हे भिंग जर्मेनियमचं, आपल्या डोळ्याला बंद आणि उष्णतेला उघडं, हे त्यांनी मला चहा संपेपर्यंत समजावून सांगितलं. नुसतं भिंग ठेवलं तर त्यावर पडलेली निम्मीशिम्मी उष्णता परत फिरते. केसाहून कितीतरी पातळ थर चढवला की ती मुकाट आत शिरते. आमचं सगळं काम त्या थराचं.

थर चढवायची मशीन म्हणजे एक पोलादी पिंप. त्यातली हवा पंपाने ओढून काढायची. वर भिंगं टांगायची, खाली पत्र्याच्या बोटाएवढ्या होडीत पांढरे खडे ठेवायचे आणि होडीतून वीज सोडून ती लालभडक करायची. खडे वितळतात, त्यांची वाफ होते, वाफ वर जाऊन भिंगावर बसते. त्या भांड्याला सगळीकडे होडीच म्हणतात. आमच्या विभागातल्या निम्म्या पोरींनी जन्मात पाहिलेली पहिली होडी ती.

खड्यांचं नाव येटर्बियम फ्लोराइड. पूर्वी या कामाला थोरियमचं मीठ वापरायचे. काम चोख, पण ते किरणोत्सारी, म्हणून लोकांनी ते सोडून ही दुसरी मीठं धरली. बाई म्हणायच्या, "थोरियम लई गुणाचं व्हतं, निस्तं मारकं व्हतं." येटर्बियम हे नाव काही पोरींच्या जिभेवर बसेना. मशीन चालवायला राजूरची एक मुलगी होती, तिला आम्ही सगळे राजूरकरीणच म्हणायचो. तिने पहिल्याच आठवड्यात त्याचं 'इतरबाई' करून टाकलं. मग विभागात दोनच बाया उरल्या, एक बाई आणि एक इतरबाई. "आज इतरबाई रुसल्या," असं म्हटलं की बाईंसकट सगळ्यांना बरोबर समजायचं.

इतरबाईंचा एकच दोष होता, त्यांना ओल सहन व्हायची नाही. दमट हवेत उघड्या राहिल्या की गुपचूप ओल धरायच्या, आणि पिंपात तापल्या की तडतडून उडायच्या. उडालेले कण वर भिंगावर जाऊन चिकटायचे, थर दुधी पडायचा, चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रा निघावा तसा निघून यायचा. याला बाईंचा शब्द होता 'लाह्या'. पिंपाच्या बारक्या खिडकीतून बघत त्या ओरडायच्या, "लाह्या! लाह्या व्हऊन राह्यल्या! बंद कर जल्दी!" बाईंची भाषा दोन मजली होती. शिकवायला लागल्या की पाठ्यपुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या आणि चिडल्या किंवा घाबरल्या की सरळ हसनाबादला उतरायच्या. माहेर तिथलं. वडील मेंढरं राखायचे.

आता या ओलीपायी त्यांनी जे सोवळं मांडलं होतं ते ऐका. आपल्याकडे देवघरात ओलेत्याने जातात. बाईंचं उलटं. ओलेत्याला बंदी. दारात टर्किशचा पंचा, हात धुतले की बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुसायचे, मग आत. पाण्याची बाटली आत नाही, ओला रुमाल नाही, भिजलेली चप्पल तर लांबच. ज्या दिवशी केसांवरून न्हायलं त्या दिवशी केस सुकेपर्यंत बाहेर बसायचं. बाई दारात उभ्या राहून एकेकीची वेणी हातात घेऊन चाचपायच्या आणि हुंगायच्या. एकदा एका नवीन मुलीला त्यांनी "आज तू आत नको येऊ" म्हणून थांबवलं, तर ती भलतंच समजली आणि तोंड पाडून कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्या घरी चार दिवस कोपऱ्यात बसायची रीत होती. बाईंच्या लक्षात आल्यावर त्या ताडकन हसनाबादला उतरल्या. "आगं येडे, तसलं काय न्हाई! तसलं आसंल तर खुशाल ये, मशीनला त्याचं काय? केस वल्ले हायेत तुझे, केस!"

रडण्यालाही तीच बंदी होती. राजूरकरणीला एकदा त्यांनी भिंग पुसण्यावरून झापझाप झापलं. ती पोर मशीनपाशीच मुसमुसायला लागली. बाईंनी तिचा दंड धरला, दाराबाहेर नेऊन उभी केली आणि म्हणाल्या, "रडायचं ते हितं रड. पोटभर रड. डोळे वाळले की आत ये." मग स्वतःही तिच्याशेजारी बाहेर उभ्या राहिल्या, कारण झापल्यामुळे त्यांनाही वाईट वाटलं होतं. मी काचेतून बघत होते. दोघी जणी दोन दिशांना तोंडं करून वाळत होत्या.

मला त्यांच्या या तऱ्हांचा वैताग यायचा हे खरं. मी पटकन चिडणारी. पंच्याने चौथ्यांदा हात पुसायला लावला की मी मनातल्या मनात बाईंना नाही नाही ते म्हणायची. आज दुसऱ्या गावात दुसऱ्या कारखान्यात नोकरी करते, तिथे कुणी विचारत नाही, तरी पदराला हात पुसल्याशिवाय माझ्याच्याने दार उघडत नाही.

बाईंना शिकवायची खोड होती आणि ती आवरत नसे. कुणी नुसतं 'का' म्हटलं की त्या हातातली वस्तू खाली ठेवायच्या. जेवताना म्हटलं तर पोळीचा घास खाली. मी एकदा विचारलं, येटर्बियमसारख्या मूलद्रव्यांना दुर्मिळ मृदा का म्हणतात, एवढी दुर्मिळ आहेत का? डबा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "अजिबात नाहीत. पुष्कळ ठिकाणी सापडतात. एकमेकांसारखी असल्यामुळे वेगळी काढायला कठीण, म्हणून ते नाव पडलं." आणि मग पोळी पुन्हा उचलत, "दुर्मिळ म्हंजे काय ते आपल्याला नको सांगायला. टँकर आला न्हाई ना गं अजून?"

एक सांगायचं राहिलं. ओलीचा एवढा राग असलेली ही बाई पाण्याचा थेंब वाया जाऊ द्यायची नाही. भांडं विसळलेलं पाणी बाहेरच्या कडुनिंबाला. कुणी अर्धा पेला टाकून दिला तर दिवसभर बोलणी. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाऊन आल्या की आम्ही विचारायचो, "बाई, काय मागितलं?" त्या म्हणायच्या, "पाऊस. लोकायसाठी मागितला. माझ्यासाठी मागायची सोय कुठं ठिवलीय इतरबाईनं?" पाणी आणि ओल या त्यांच्या हिशेबी दोन वेगळ्याच जाती होत्या. ओल म्हणजे वैरीण. पाणी म्हणजे आई, डोक्यावर घागर घेऊन लांबून चालत येणारी.

बाईंनी त्यांच्या खऱ्या आईचा एक रांजण कारखान्यात आणून ठेवला होता. मेंढरं विकून घर एका जागी थांबलं तेव्हा आईने पहिली वस्तू घेतली ती हा रांजण. चांगला पोटाएवढा उंच, गळ्याशी एक टवका उडालेला. तो व्हरांड्यात असायचा आणि आम्ही सगळे त्यातलंच पाणी प्यायचो. पण मी सांगते आहे त्या उन्हाळ्यात पाण्याचे फारच हाल होते. टँकर मनाला येईल तेव्हा यायचा. व्हरांड्यातल्या रांजणात बकऱ्या तोंड घालायच्या, येणारेजाणारे बाटल्या भरून न्यायचे, दुपारी तळ दिसायचा. बाईंनी मग तो आत घ्यायला लावला. मशीनच्या खोलीच्या मागे एक बिनखिडकीची कोठी होती, थंडगार, कुलूपबंद. मौल्यवान सगळं तिथेच असायचं. भिंगं, मोलाचे खडे, वजनकाटा. "सोनं तिजोरीत ठिवत्यात का न्हाई? मंग," असं म्हणून त्यांनी रांजण तिथे एका कोपऱ्यात बसवला. आत्ता हे वाचताना तुम्ही कपाळाला हात लावला असेल. आम्ही कुणीच लावला नाही. पाणी इतकं गार लागायला लागलं होतं की ज्याला त्याला त्याचंच कौतुक.

आणि लाह्या सुरू झाल्या.

आधी एखादा घाणा, म्हणजे पिंपात एका वेळी टांगलेली सगळी भिंगं, बिघडला, मग लागोपाठ बिघडायला लागले. मी चिकटपट्टी लावायची, नखाने दाबायची, ओढायची, आणि थर पट्टीबरोबर वर यायचा. बाईंनी भिंगं पुसायचं कापड बदललं. पंपाचं तेल बदललं. होडी बदलली. खडे पाठवणाऱ्यांशी फोनवर इंग्रजीत भांडल्या. फक्त ओलीचा संशय त्यांना आला नाही, आणि का यावा? हवेतली ओल मोजायचा काटा मशीनच्या खोलीत टांगलेला होता, तो हवा कोरडीठाक दाखवत होता. मी एकदा भीत भीत म्हटलं, तर म्हणाल्या, "मे महिन्यात जालन्यात ओल? दुर्बीण घेऊन हुडकली तरी घावायची न्हाई!" वेण्या हुंगणं वाढलं. आमच्या सगळ्यांचे केस त्या उन्हाळ्यात खारकेसारखे कोरडे होते, तरी हुंगायच्या.

बाईंना एवढं का लागलं होतं ते मला तेव्हा कळलं. एका दुपारी बिघडलेल्या भिंगांपुढे बसून त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर फळ्यावर पातळ थर काढला गं. दोन रेघा, मधे बाण. पोरायला सांगायची, असा थर चढवला की प्रकाश असा वागतो. कॉलेजात साधा पंप नव्हता. म्या सोता कधी थर बघितला न्हवता. इथं आले आन् पहिल्यांदा बघितला." मी त्यांना पाणी आणून दिलं, रांजणातलं.

शेवटी शेठ आले. शेठ म्हणजे कारखान्याचे मालक, बाईंचेच कॉलेजातले विद्यार्थी. अजून त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि समोर खुर्चीवर अर्धेच टेकायचे. त्या दिवशीही अर्धेच टेकले. किती तरी वेळ मुलांच्या शाळेचं, गावातल्या रस्त्याचं बोलत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "बाई, राग नका मानू. पुण्याच्या लोकायशी बोलून राह्यलोय. मशीन तिकडं नेऊ म्हणतेत. ट्रकचं बी ठरवलंय. इथल्या हवेत जमंना हो आपल्याला."

"ने बाबा," बाई म्हणाल्या. "तुझी मशीन हाये."

एवढंच. मला वाटलं आता भांडतील, शेठना अंगठे धरून उभं करतील. बाई उठल्या, कोठीत गेल्या आणि आलेल्या माणसाला द्यावं तसं तांब्याभर पाणी घेऊन आल्या. राजूरकरीण दाराशी उभी राहून ओठ चावत होती, कारण आत रडायची बंदी होती. शेठ पाणी घटाघट प्यायले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "बाई, फ्रीजला ही चव न्हाई. एवढं गार राहतं कसं वो हे?"

झालं. 'कसं' हा शब्द पडला. एवढ्या दुःखातही बाईंनी तांब्या खाली ठेवला, पदर सारखा केला आणि शुद्ध मराठीत सुरू झाल्या.

"सोपं आहे. भाजलेली माती सच्छिद्र असते. आतलं पाणी त्या छिद्रांतून बाहेर पाझरतं. बाहेर आलं की त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती रांजणाकडून घेतली जाते, म्हणून आतलं पाणी गार होतं. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. म्हणून तर उन्हाळ्यात रांजण अधिक चांगला चालतो. आणि ही सगळी वाफ जी आहे, ती जाते..."

बोट वर करून त्या थांबल्या.

"कुठं जाती, बाई?" राजूरकरणीने विचारलं. बिचारीने खरंच विचारलं होतं.

बाईंनी कोठीच्या दाराकडे बघितलं. आम्हीही बघितलं. आत बिनखिडकीच्या गारव्यात रांजण बसला होता, अंगावर नेहमीसारखे थेंब, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर इतरबाईंची बरणी, जी आम्ही दिवसातून कितीदा तरी तिथेच उघडून वजन करायचो. ओल मोजायचा काटा बाहेर मशीनच्या खोलीत. कोठीत तसला काटा लावायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आगं माय माय," बाई खुर्चीत बसल्या. "म्याच की गं. पोरीयचे केस हुंगून राह्यले इतके दिवस, आन् तिजोरीत नदी बसवली म्याच."

मग त्यांना हसू आलं. आधी खुदकन, मग पोट धरून. शेठ घाबरून आमच्याकडे बघायला लागले. हसणं ओसरल्यावर त्या एकदम उभ्या राहिल्या आणि शेठना म्हणाल्या, "एक डाव दे मला. एकच घाणा."

शेठनी एकदा कोठीकडे आणि एकदा बाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "घ्या. पण बाई, ह्यो शेवटचा. पट्टीला थर लागून आला, की मंग ट्रक."

रांजण आधी रिकामा करायला हवा होता आणि पाणी ओतून द्यायला बाई तयार नव्हत्या. शेवटचा डाव टांगणीला लागलेला, पण थेंब वाया जाता कामा नये. बाटल्या भरल्या, डबे भरले, वॉचमनची बायको कळशी घेऊन आली, शेठनी आपल्या गाडीतला कॅन आणला. तळाचं पाणी कडुनिंबाला गेलं. मग रांजण आम्ही तिघी-चौघींनी तान्ह्या बाळासारखा उचलून व्हरांड्यात नेला आणि बाईंनी तो सायकलच्या साखळीने खांबाला बांधून वर झाकणावर दगड ठेवला.

कोठी सुकवायला भर मे महिन्यात आत हीटर लावला. आम्हाला घाम फुटला, आणि घाम म्हणजेही ओलच, म्हणून कपाळाला पट्ट्या बांधून काम केलं. जुनी बरणी बाईंनी बाजूला काढली आणि कपाटाच्या तळाशी राहिलेली एक न फोडलेली पुडी पिंपापाशी नेऊनच फोडली. होडी हळूहळू तापवली. बारक्या खिडकीला डोळा लावून त्या पुटपुटत होत्या, "सावकाश. घाई करू नका इतरबाई. आधी सगळ्या एक व्हा, मंग वर जा." खडे वितळले, एकमेकांत मिसळले, होडीत एक शांत तकाकणारं तळं झालं. एकही लाही उडाली नाही. पण थर बसणं वेगळं आणि टिकणं वेगळं. त्याची परीक्षा पुन्हा ओलीतच असते. भिंग रात्रभर व्हरांड्यातल्या, मुद्दाम दमट ठेवलेल्या पेटीत ठेवायचं, मग आत आणून कोरडं करून पट्टी लावायची.

दुसऱ्या दिवशी शेठ आले, तोपर्यंत भिंग माझ्या टेबलावर होतं. काळ्या रंगावर मोरपंखी झाक, एकसारखी. मी चिकटपट्टी लावली आणि नखाने कडेपर्यंत दाबली. बाई माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मी पट्टीचं टोक चिमटीत धरलं आणि मागे पाहिलं तर बाई नाहीत. त्या दार लोटून बाहेर गेल्या होत्या. मला त्यांचा रागच आला. एवढं सगळं करून ऐनवेळी माझ्या एकटीवर टाकून जायचं म्हणजे काय? शेठ म्हणाले, "ओढा आता." मी ओढली.

पट्टी उजेडाकडे धरली. शेठ चष्मा वर करून बघायला आले. राजूरकरणीने ती माझ्या हातातून हिसकावून घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि किंचाळली. पट्टीवर काही नव्हतं. भिंगावर मोरपंखी रंग जिथल्या तिथे होता.

"न्या मंग तो ट्रक मोकळाच," शेठ स्वतःशीच म्हणाले आणि पहिल्यांदा खुर्चीत पूर्ण टेकून बसले.

मी धावत जाऊन दार उघडलं. बाई व्हरांड्यात रांजणापाशी उभ्या होत्या, आमच्याकडे पाठ करून, तोंड वर उन्हाच्या झळांकडे धरलेलं.

"बाई, आत या ना जल्दी! पट्टी कोरी निघाली, बिलकुल कोरी!"

त्या वळल्या नाहीत. नुसता हात वर करून मला थांबवलं.

"येते गं," म्हणाल्या. "डोळे वाळू दे जरा."